जागरूक डोळे

[विमान धावपट्टीवरून धावू लागते आणि आकाशात झेपावते, हा काळ जेमतेम अर्ध्या मिनिटाचा असतो. पण हेच अर्धे मिनिट फार जोखमीचे असते. या वेळी वैमानिकाला सावध राहावे लागते. त्याचबरोबर जमिनीवरच्या माणसांनाही सावध राहावे लागते. एकाचे दुर्लक्ष किती महाग पडते आणि एकाची जागरूकता किती जीव वाचवते, हे प्रस्तुत पाठात खऱ्या घटनांच्या आधारे सांगितले आहे.]

सातारा जिल्ह्यात वडूज नावाचे गाव आहे. ते येरळा नदीच्या काठी वसले आहे. वडूज हे खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण. हा सगळा भाग कमी पावसाचा. याच तालुक्यात मायणी येथे एक जुना तलाव आहे. ज्या वर्षी तलावात पुरेसे पाणी असते, त्या वर्षी हिवाळ्यात तेथे दूरदूरचे पक्षी उतरतात. त्यांत रोहित पक्षीही असतात. उंच पाय, लांब मान, बाकदार चोच आणि पंखांवर आगीसारखा लाल रंग! म्हणून त्यांना 'अग्निपंख' असेही म्हणतात.

मुलांनो, रोहित पक्षी कसा उडतो हे तुम्ही पाहिले आहे का? चिमणी बसल्या जागेवरून भुर्रकन उडून जाते. रोहित पक्ष्याला तसे जमत नाही. त्याचे शरीर मोठे असते. तो वाऱ्याकडे तोंड करतो, मान पुढे ताणतो, पंख पसरतो आणि उथळ पाण्यातून धावत सुटतो. पाच-दहा पावले धावल्यावर पंखांखालच्या हवेचा त्याला आधार मिळतो. मग त्याचे पाय पाण्यावरून सुटतात आणि तो आकाशात जातो.

विमानाचेही असेच आहे. विमानाला जागच्या जागी वर उडता येत नाही. त्याला आधी धावावे लागते. विमान जितके वेगाने धावते, तितकी जास्त हवा त्याच्या पंखांवरून वाहते. या हवेमुळे विमानाला वर उचलणारा जोर निर्माण होतो. वेग दुप्पट झाला, की हा जोर चौपट होतो. तो विमानाच्या वजनापेक्षा जास्त झाला, की विमान जमीन सोडते. दोन किंवा चार माणसांचे छोटे विमान ताशी सुमारे ९० ते १०० किलोमीटर वेगाला जमीन सोडते. मोठ्या प्रवासी विमानाला याच्या अडीच-तीन पट वेग लागतो.

विमान ज्या लांब, सपाट रस्त्यावरून धावते त्याला धावपट्टी म्हणतात. सातारा जिल्ह्यात कराडजवळ अशी एक धावपट्टी आहे. कोयना धरणाच्या कामाच्या वेळी ती बांधण्यात आली. तिची लांबी सुमारे सव्वा किलोमीटर आहे. छोट्या विमानाला एवढी धावपट्टी पुरते. मोठ्या विमानाला मात्र दोन-तीन किलोमीटरची धावपट्टी लागते.

धावपट्टीच्या बाजूला एका खांबावर कापडाची लांबट पिशवी लावलेली असते. वाऱ्याने ती फुगते. वारा कोणत्या दिशेने आणि किती जोराने वाहत आहे, हे तिच्याकडे पाहून समजते. रोहित पक्ष्याप्रमाणे विमानही शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून धावते. समोरून वारा आला, की कमी अंतरात उड्डाण होते.

आता तुम्ही विचाराल, "एवढे सोपे असेल, तर मग अपघात का होतात?"

वडूजच्या एस. टी. स्थानकावर पहाटे गेलात, तर एक दृश्य दिसेल. चांगला चालक गाडी काढण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी मारतो. चाके बघतो, काच पुसतो, मगच चालकाच्या जागेवर बसतो. वैमानिकही तसेच करतो. पण त्याची तपासणी फार बारीक असते. तो विमानाभोवती पायी फिरतो. चाकांत हवा आहे का, पंखांना व शेपटीला कोठे तडा गेला आहे का, त्यांचे हलणारे भाग मोकळेपणाने हलतात का, इंजिनात तेल पुरेसे आहे का, हे तो हात लावून पाहतो. टाकीतील थोडे इंधन तो एका पारदर्शक भांड्यात काढतो. इंधनात पाणी मिसळले असेल, तर ते तळाशी बसते आणि लगेच दिसते. हे पाणी इंजिनात गेले, तर इंजिन ऐन वेळी बंद पडू शकते. तपासणीची एक छापील यादी असते. हजारो वेळा उड्डाण केलेला वैमानिकही ती यादी समोर ठेवूनच तपासणी करतो. "मला सगळे पाठ आहे" असे तो म्हणत नाही.

एवढी खबरदारी का घ्यायची? एस. टी. रस्त्यात बिघडली, तर चालक ती कडेला उभी करतो. विमानाला आकाशात कडा नसते!

तपासणी झाली, परवानगी मिळाली, की विमान धावपट्टीच्या टोकाशी येते. वैमानिक इंजिनाचा वेग वाढवतो. विमान धावू लागते. या वेळी वैमानिकाच्या मनात एकच प्रश्न असतो : उडायचे की थांबायचे? छोट्या विमानाच्या वैमानिकांना एक साधा हिशेब शिकवतात. अर्धी धावपट्टी संपली, तेव्हा उड्डाणाला लागणाऱ्या वेगाच्या ७० टक्के वेग आला आहे का? म्हणजे ताशी १०० किलोमीटरला विमान उडणार असेल, तर अर्ध्यावर ताशी ७० किलोमीटर वेग हवा. तो नसेल, तर लगेच इंजिन मंद करायचे आणि विमान थांबवायचे. पुढे धावपट्टी शिल्लक असते, म्हणून थांबता येते. "अजून थोडे पाहू, येईल वेग" असे म्हणत जो पुढे जातो, तो संकटात सापडतो.

मोठ्या विमानासाठी असाच एक वेग आधीच ठरवलेला असतो. तो वेग ओलांडण्यापूर्वी काही बिघाड झाला, तर थांबता येते. तो ओलांडल्यावर मात्र थांबायला जागा उरत नाही. मग उडावेच लागते. विमानाचे वजन, धावपट्टीची लांबी, वारा आणि उष्णता पाहून हा वेग ठरवतात.

उष्णतेचा येथे काय संबंध, असे तुम्हांला वाटेल. हवा तापली, की ती विरळ होते. विरळ हवेत पंखांना आधार कमी मिळतो आणि इंजिनाची ताकदही कमी होते. म्हणून थंडीतल्या सकाळी जे विमान लवकर उडते, तेच विमान उन्हाळ्यात भर दुपारी जास्त अंतर धावते.

एप्रिल महिन्यातील अशाच एका दुपारी महाराष्ट्रात मोठा अपघात झाला. तो दिवस होता २६ एप्रिल १९९३. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, चिकलठाणा विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान मुंबईला निघाले. विमानात ११२ प्रवासी व ६ कर्मचारी असे ११८ जण होते. उन्हाचा कडाका होता. धावपट्टी तेव्हा सुमारे ६,००० फूट लांब होती. तिच्या टोकापलीकडून बीडकडे जाणारा रस्ता होता.

विमान धावले. पण त्याचे नाक उचलायला उशीर झाला. धावपट्टी संपता संपता विमानाने जमीन सोडली. त्याच वेळी समोरच्या रस्त्यावरून कापसाच्या गाठींनी भरलेला एक ट्रक जात होता. विमान अजून फारसे वर गेले नव्हते. त्याची डाव्या बाजूची चाके आणि इंजिनाचा खालचा भाग ट्रकवर आदळला. विमान तसेच भेलकांडत पुढे गेले. सुमारे तीन किलोमीटरवर ते विजेच्या उच्च दाबाच्या तारांना धडकले आणि जमिनीवर कोसळले. त्याने पेट घेतला. ५५ जणांचा मृत्यू झाला. ६३ जण वाचले.

या अपघाताची चौकशी झाली. चौकशीत दोन गोष्टी पुढे आल्या. एक म्हणजे, वैमानिकाने विमान उचलायला उशीर केला आणि उचलण्याची पद्धतही चुकली. दुसरी म्हणजे, उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरील वाहतुकीचे नियंत्रण केले गेले नाही. विचार करा, मुलांनो! वैमानिकाची चूक झाली होती, हे खरे. पण रस्ता मोकळा असता, तर विमान ट्रकवर आदळले नसते. रस्त्यावर वाहने थांबवणे हे काही अवघड काम नाही. रेल्वेचे फाटक आपण रोज पाहतो. गाडी येण्यापूर्वी फाटक लागते आणि आपण मुकाट्याने उभे राहतो. कधीकधी आपल्याला त्याचा रागही येतो. त्या फाटकाची किंमत काय असते, हे अशा वेळी कळते. पुढे चिकलठाण्याची धावपट्टी वाढवून बरीच लांब करण्यात आली.

दुसरी घटना परदेशातील आहे. २५ जुलै २००० रोजी फ्रान्समध्ये पॅरिसच्या विमानतळावरून 'काँकॉर्ड' हे अतिशय वेगवान विमान उड्डाणासाठी धावू लागले. काही मिनिटांपूर्वीच त्या धावपट्टीवरून दुसरे एक विमान गेले होते. त्याची धातूची एक पट्टी निखळून धावपट्टीवर पडली होती. पट्टी किती मोठी होती? आपल्या फूटपट्टीपेक्षा थोडी लांब आणि दोन बोटे रुंद, एवढीच! ती काँकॉर्डच्या चाकाखाली आली. टायर फुटला. टायरचा जड तुकडा उडून पंखातील इंधनाच्या टाकीवर आदळला. इंधन गळू लागले आणि आग लागली. वेग इतका वाढला होता, की आता थांबणे शक्य नव्हते. विमान वर उठले, पण लवकरच खाली कोसळले. विमानातील १०९ आणि जमिनीवरील ४ माणसे मरण पावली.

म्हणूनच विमानतळांवर धावपट्टीची वरचेवर पाहणी करतात. खिळा, दगड, तारेचा तुकडा, पत्रा, काहीही दिसले तरी उचलतात. वरवर पाहता हे झाडलोटीचे काम. पण ते करणारा माणूस रोज शेकडो जीव सांभाळत असतो.

आता तिसरी घटना ऐका. ती आपल्या महाराष्ट्रातलीच आहे. ६ मे २०२१ चा दिवस. देशात कोरोनाची मोठी साथ चालू होती. एका रुग्णाला घेऊन दोन इंजिनांचे एक छोटे विमान नागपूरच्या विमानतळावरून निघाले. ते आकाशातली रुग्णवाहिकाच होते. विमानात रुग्णासह पाच जण होते. विमान धावपट्टीवरून धावले आणि उडाले. पण उडताना त्याचे एक चाक निखळले आणि खाली पडले!

वैमानिकाला आपल्या विमानाखालची चाके दिसत नाहीत. चाक पडले हे त्याला कसे कळणार? विमान वर गेले होते. सगळे ठीक आहे असे समजून तो पुढे गेला असता आणि उतरताना नेहमीप्रमाणे चाके खाली सोडून बसला असता. एका बाजूला चाक नाही, अशा स्थितीत विमान जमिनीला टेकते तेव्हा ते कलंडते, गरकन फिरते आणि पेटूही शकते.

पण धावपट्टीजवळ दोन जागरूक डोळे होते. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा एक कर्मचारी तेथे पहाऱ्यावर होता. त्याने चाक पडताना पाहिले. "विमानाचे मी काय बघायचे? माझे काम पहाऱ्याचे," असे तो म्हणाला नाही. त्याने ताबडतोब ही माहिती नियंत्रण कक्षाला कळवली. नियंत्रण कक्षाने ती वैमानिकाला दिली.

विमान मुंबईकडे निघाले. मुंबई विमानतळावर धावपळ सुरू झाली. अग्निशमन दलाच्या गाड्या सज्ज झाल्या. धावपट्टीवर फेस पसरण्यात आला. फेसामुळे ठिणग्या विझतात आणि आगीचा धोका कमी होतो. रात्री नऊच्या सुमारास विमान खाली आले. कॅप्टन केसरी सिंग यांनी चाके न वापरता विमान पोटावर उतरवण्याचे ठरवले होते. त्यांनी प्रयत्नांची शिकस्त केली. विमान फेसावरून घसरत गेले आणि थांबले. रुग्णासह पाचही जण सुखरूप बाहेर आले.

वैमानिकाच्या कौशल्याचे सर्वांनी कौतुक केले. ते योग्यच होते. पण त्या पहारेकऱ्याने पाहिले नसते तर? किंवा पाहूनही तो गप्प राहिला असता तर? वैमानिकाला तयारीसाठी जो वेळ मिळाला, तो त्याच्यामुळे मिळाला. पाहणे हे अर्धे काम असते. योग्य माणसाला वेळेवर सांगणे हे उरलेले अर्धे काम.

या तिन्ही घटना एकमेकींशेजारी ठेवून बघा. एकीकडे न थांबवलेला ट्रक आणि न दिसलेली पट्टी. दुसरीकडे वेळेवर दिसलेले चाक. विमानात बसलेल्या प्रवाशांना यांतले काहीच माहीत नव्हते. ते आपला जीव अनोळखी माणसांच्या हाती सोपवून निश्चिंत बसले होते. आपणही रोज असेच करतो. शाळेत येताना चालकावर, नळाचे पाणी पिताना पाणी शुद्ध करणाऱ्यावर, औषध घेताना ते बनवणाऱ्यावर आपण विश्वास टाकतो. मग आपल्यावरही कोणीतरी विश्वास टाकलेला असतो, हे विसरून कसे चालेल?

धावपट्टीजवळच्या गावांतील लोकांचेही काही कर्तव्य असते. धावपट्टीवर गुरे चरायला सोडू नयेत. तिच्या जवळ कचरा व मेलेली जनावरे टाकू नयेत. कारण त्यांवर घारी-गिधाडे जमतात आणि उडणाऱ्या विमानाला धडकतात. कुंपण तुटलेले दिसले, तर लगेच कळवावे. एवढे करायला विमान चालवता येण्याची गरज नाही.

पुढच्या हिवाळ्यात मायणीच्या तलावात पाणी असले आणि रोहित पक्षी आले, तर त्यांच्याकडे नीट पाहा. थवा चरत असतो, तेव्हा सगळ्यांच्या माना पाण्यात नसतात. एक-दोन पक्षी मान उंच करून चौफेर पाहत असतात. धोका दिसताच ते ओरडतात आणि सारा थवा सावध होतो.

थव्याला जे कळते, ते आपल्यालाही कळायला हवे.

शब्दार्थ

झेपावणे – जोराने वर किंवा पुढे जाणे
जोखमीचे – धोक्याचे
उथळ – कमी खोल
तडा – भेग
विरळ – दाट नसलेली
भेलकांडणे – तोल जाऊन इकडेतिकडे जाणे
निखळणे – जागेवरून सुटून पडणे
कलंडणे – एका बाजूला झुकणे
सुखरूप – काहीही इजा न होता
निश्चिंत – काळजी नसलेला

वाक्प्रचार

महाग पडणे – मोठे नुकसान होणे
मुकाट्याने उभे राहणे – काही न बोलता उभे राहणे
पेट घेणे – आग लागणे
प्रयत्नांची शिकस्त करणे – शक्य तेवढे सर्व प्रयत्न करणे
(लक्षात ठेवा : उर्दूत 'शिकस्त' म्हणजे हार. मराठीत हा शब्द 'खूप प्रयत्न' या अर्थाने येतो.)

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वडूज कोणत्या नदीच्या काठी वसले आहे?
(आ) रोहित पक्ष्याला दुसरे कोणते नाव आहे?
(इ) वाऱ्याची दिशा वैमानिकाला कशावरून समजते?
(ई) वैमानिक थोडे इंधन भांड्यात का काढून पाहतो?
(उ) मुंबईच्या धावपट्टीवर फेस का पसरण्यात आला?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) रोहित पक्ष्याचे उड्डाण आणि विमानाचे उड्डाण यांत कोणते साम्य आहे?
(आ) उन्हाळ्यात भर दुपारी विमानाला जास्त अंतर का धावावे लागते?
(इ) १९९३ च्या अपघाताच्या चौकशीत कोणत्या दोन गोष्टी पुढे आल्या?
(ई) नागपूरच्या पहारेकऱ्याने काय केले? त्याचा काय उपयोग झाला?

३. कारणे लिहा.
(अ) अनुभवी वैमानिकही तपासणीची यादी समोर ठेवतो, कारण...
(आ) धावपट्टीजवळ कचरा टाकू नये, कारण...

४. रिकाम्या जागा भरा.
(अ) विमानाचा वेग दुप्पट झाला, की वर उचलणारा जोर ______ होतो.
(आ) पाहणे हे ______ काम असते.
(इ) थव्यातील एक-दोन पक्षी मान ______ करून चौफेर पाहत असतात.

५. विरुद्धार्थी शब्द लिहा.
उथळ, विरळ, सावध, मोकळा, उष्णता

६. खालील शब्द उर्दूतही वापरले जातात. प्रत्येक शब्द मराठी वाक्यात वापरा.
हवा, जमीन, तयारी, खबरदारी

७. चर्चा करा.
'माझे काम नाही' असे म्हणून आपण कोणत्या गोष्टींकडे दुर्लक्ष करतो? त्याचे परिणाम काय होऊ शकतात?

उपक्रम : तुमच्या गावातील एस. टी. चालक, वायरमन किंवा पाणीपुरवठा कर्मचारी यांना भेटा. काम सुरू करण्यापूर्वी ते कोणकोणती खबरदारी घेतात, ते विचारा आणि आठ-दहा ओळींत मराठीत लिहा.